शपथ बाकी होती

पिंपरीची कंपनी बंद पडली आणि बाबा घरी बसले. बसले असं म्हणायचं, पण ते बसत नसत. अठरा वर्षं लेथपुढे उभा राहिलेला माणूस. त्यांनी आमच्या दोन खोल्यांतल्या कड्या, बिजागऱ्या, नळ काढले, घासले, तेल घालून परत बसवले. मग शेजारच्यांचे. मग जिन्याचा कठडा. आई ब्लाउज शिवायची. आदल्या दिवशीचा भात उरला असला तर सकाळी त्यालाच फोडणी, नसला तर चहा-पाव. मी शाळेतून यायचे तेव्हा बाबा दारात उभे असायचे. माझी वाट बघत नसत. एखाद्या वर्कशॉपमधून कोणी बोलवायला येतंय का, ते बघत असत. दोन वर्षं कोणी आलं नाही. मला एका जागी बसवत नाही ते त्या दोन वर्षांपासून, असं मी समजते. आजही साक्षीदार बोलत असताना माझा चेहरा दगडासारखा असतो म्हणे, पण त्या उंच टेबलाखाली, झग्याच्या आत, माझा उजवा पाय सारखा हलत असतो. आई असती तर म्हणाली असती, "पाय हलवू नकोस गं, अवलक्षण कुठलं."

आईची थोरली बहीण, शैलामावशी, नर्स होऊन अमेरिकेला गेली होती आणि तिने आमचे कागद तिथल्या सरकारकडे कधीच देऊन ठेवले होते, इतक्या आधी की आम्ही ते विसरूनही गेलो होतो. नंबर लागला तेव्हा मी दहा वर्षांची होते. मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरी गावात मावशीच्या घराचं बेसमेंट आम्हाला मिळालं. तिथे आम्ही सहा वर्षं राहिलो. अर्ध्या खिडकीतून गवताची मुळं दिसायची, हिवाळ्यात तीही बर्फाखाली. डोक्यावर वसंतकाकांच्या, म्हणजे मावशीच्या यजमानांच्या, सपाता फटफटत फिरायच्या आणि आवाजावरून आम्हाला कळायचं की ते फ्रीजपाशी आहेत की फोनपाशी. भिंतीपलीकडची, घर गरम करणारी भट्टी दर वीस मिनिटांनी धडधडत सुरू व्हायची. आईने मिरच्या भाजायला घेतल्या की छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायचा, मग मी स्टुलावर चढून टॉवेलने वारा घालायचा, बाबांनी दार उघडायचं आणि वरून काकांनी विचारायचं, "पेटलं का काय?" जेवताना मी एक घास बसून आणि एक उभ्याने खायचे. आई नुसतं पिठलं आणि भाकरी करायची, पण ज्वारीचं पीठ मिळत नसे तेव्हा मक्याच्या पिठात तांदळाचं घालून थापायची, आणि ती भाकरी कडेने हमखास चिरायची. बाबा तिला "अमेरिकन पार्ट, टॉलरन्समध्ये नाही" म्हणायचे, म्हणजे मापात बसत नाही, आणि चार खायचे.

बाबांना व्हॉल्व्ह बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं होतं आणि ते खूश होते, पण गावातली बाकीची मराठी मंडळी म्हणजे सगळे कॉम्प्युटरवाले. पुण्याचे, नागपूरचे, मुंबईचे. गणपतीला भेटले की पहिला प्रश्न, "कुठल्या कॉलेजचे?" बाबा छाती काढून सांगायचे, "पिंपरीचं आयटीआय." समोरचा आधी हसायचा, कारण त्याला आयआयटी ऐकू यायची सवय, मग समजायचं, आणि तो मोदकांची चौकशी करायला निघून जायचा. मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाबांना काही वाटायचं नाही. ते सरळ सांगायचे आणि मोकळे व्हायचे. मला ते जमायला पुढे बरीच वर्षं लागली.

घरातलं इंग्रजी माझ्याकडे होतं. म्हणजे बाबांना कामापुरतं यायचं, आईला दुकानापुरतं, पण कागदावरचं सगळं माझं. शाळेचे फॉर्म, डॉक्टरचे फॉर्म, गाडीच्या लायसन्सचे. अकराव्या वर्षापासून मीच भरले. बाबा म्हणायचे, "तू भर, मी सही करतो," आणि न वाचता खाली आपलं लांबलचक नाव काढायचे. मला त्याचा फार गर्व होता. मी घाईघाईत भरायचे, पाय हलवत, आणि एकदा भरलेलं परत वाचायचे नाही, कारण परत वाचणं म्हणजे अभ्यासात कच्च्या मुलांचं काम असं माझं मत होतं. आता माझ्यापुढे कधी कधी अशी मुलं येतात, आई-बापाच्या शेजारी उभी, त्यांच्या वतीने मान हलवणारी. मी त्यांच्याकडे जरा जास्त वेळ बघते. त्यांना वाटत असेल, ही बाई रागावली.

मी सोळा वर्षांची असताना बाबांची नागरिकत्वाची मुलाखत झाली. त्याआधी तीन महिने आई पोळ्या लाटता लाटता प्रश्न विचारायची आणि बाबा उत्तरं पाठ म्हणायचे. "आधी तुम्ही पास व्हा, मग मी बघते," असं म्हणून तिने स्वतःचा अर्ज मागे ठेवला होता. मुलाखतीतल्या साहेबाने बाबांचा हात हातात घेऊन सांगितलं, "अभिनंदन, तुम्ही पास झालात. शपथेची तारीख पत्राने कळवू." बाबा घरी आले ते उड्या मारतच. आईने रिकोटा चीज आणि दुधाची पावडर आटवून पेढे केले आणि आम्ही ते सगळ्या ओळखीच्या घरांत वाटले. जो तो म्हणाला, "वा, सिटिझन झालात!" आणि आम्ही म्हणालो, "झालो!" आपल्याकडे निकाल लागला की काम झालं. पदवीदान समारंभाला कोण जातं? सर्टिफिकेट पोस्टाने येतं. शपथ म्हणजे तसंच काहीतरी, असं आम्ही तिघांनी धरून टाकलं.

त्याच आठवड्यात कोर्टाचा एक फॉर्म आला. आमच्या भागात राहणाऱ्यांच्या याद्यांतून ज्यूरीसाठी नावं काढतात, आणि त्या याद्यांत नागरिक कोण, परका कोण, हे लिहिलेलं नसतं. म्हणून ते फॉर्मवर विचारतात. पेन्सिलने गोल काळे करायचे होते. तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का? तोंडात पेढा होता. मी "होय"चा गोल काळा केला, छान, कडेपर्यंत. बाबांनी सही केली. तीन महिन्यांनी बोलावणं आलं, मंगळवार सकाळ, फेडरल कोर्ट. शपथेचं पत्र अजून आलंच नव्हतं.

बाबांना इतकं आनंदी मी पिंपरीतही पाहिलं नव्हतं. ते बोलावणं घेऊन वर गेले आणि काकांच्या पुढ्यात ठेवलं.

"भावोजी, तुम्हाला वीस वर्षं झाली इथे. कधी आलं होतं?"

"अहो, त्यात काय," काका पेपरातून डोकं न काढता म्हणाले. "चिठ्ठ्या टाकतात. निघाली तुमची."

"निघाली ना पण?"

"मला आलं असतं तरी मी कॅन्सल केलं असतं. कामं आहेत आम्हाला."

"हो, हो," बाबा म्हणाले. "द्राक्षं आंबट."

मावशी इतकी हसली की चहा सांडला. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा जेवायला येणारा नितीन, नागपूरचा, नुकताच व्हिसावर आलेला प्रोग्रामर, त्याने बाबांसाठी स्वतःच्या इंटरव्ह्यूचा ब्लेझर आणला. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. आईने त्या आतून दुमडून टाके घातले.

गुरुवारी शाळेत नागरिकशास्त्राचा तास होता आणि विषय निघाला ज्यूरीचा. मी हात वर केला आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की माझे बाबा मंगळवारी फेडरल कोर्टात जाणार आहेत, ते परीक्षा पास झाले आहेत, फक्त शपथ बाकी आहे. सर थांबले. म्हणाले, "शपथ बाकी म्हणजे ते अजून नागरिक नाहीत. फॉर्मवर तसं लिहिलं असेल ना त्यांनी?" मी म्हणाले, "हो, लिहिलंय." इतक्या पटकन म्हणाले, की खोटं बोलले हे मलाच नंतर कळलं. तास संपल्यावर मी लायब्ररीत गेले, आणि तिथल्या बाईंनी काढून दिलेल्या पुस्तकात ते वाक्य सापडलं. नागरिक नसताना मी नागरिक आहे असं सांगणाऱ्याला देशाबाहेर काढता येतं, आणि परत येता येत नाही. मी ते तीनदा वाचलं. परत वाचायचं नाही हा माझा नियम तिथे संपला.

घरी येऊन सांगायचं होतं. गुरुवारी बाबा बूट घासत होते. शुक्रवारी ते आरशापुढे उभे राहून "येस, युवर ऑनर" म्हणत होते. शनिवारी आई म्हणाली, "हिला काय झालंय? पोळी बघा, महाराष्ट्राचा नकाशा लाटलाय." मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसायचे. रविवारी नितीन जेवायला आला तेव्हा मी आडून विचारलं, "नितीनदादा, एखाद्या फॉर्ममध्ये चूक झाली तर?"

"अरे यार, कोण बघतं? लाखो फॉर्म येतात. सोड ना."

"आणि बघितलं तर?"

"तर तेव्हाचं तेव्हा. काकू, वरण अजून आहे का?"

मी सोडलं. म्हणजे तोंडाने सोडलं. सोमवारी मी बेसमेंटच्या जिन्याने इतक्या वेळा वरखाली केलं की काका वरून ओरडले, "वैशू, तिथे लिफ्ट बसवू का?" मी बाबांना सांगितलं असतं तर त्यांनी एक फोन करवून घेतला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण त्यांच्या अंगावर तो ब्लेझर होता. पिंपरीच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला पहिल्यांदा कोणीतरी बोलावलं होतं, आणि ते बोलावणं माझ्या चुकीने आलंय हे मला म्हणवेना. हे मी कारण म्हणून सांगते आहे, सबब म्हणून नाही.

शाळेला सुट्टी होती म्हणून मंगळवारी मी बरोबर गेले. कोर्टरूममध्ये मला शेवटच्या बाकावर बसू दिलं. पुढे ज्यूरीसाठी आलेली चाळीसेक माणसं आणि त्यांत बाबा, ताठ, मांडीवर दोन्ही हात. जज म्हणजे साठीच्या एक बारीक बाई, चष्मा दोरीला अडकवलेला, आवाज अगदी साधा, बँकेच्या काउंटरवरच्यासारखा. त्या सगळ्यांना मिळून प्रश्न विचारत होत्या. कोणाला ऐकू कमी येतं का? कोणी या वकिलांना ओळखतं का? आणि त्याच आवाजात, "इथे असं कोणी आहे का, जे अमेरिकेचे नागरिक नाहीत?"

मी मनात म्हणाले, बाबा, तुम्हाला समजलेलं नाही. बसून राहा.

बाकीचे लोक नुसता हात वर करत होते. बाबा उभे राहिले, वर्गात हजेरीला राहावं तसे.

"मॅडम," ते म्हणाले, "एक्झाम पास. ओथ बाकी."

काही लोक हसले. जज हसल्या नाहीत. त्यांनी पुढ्यातले कागद चाळले, एकावर बोट ठेवलं. "मिस्टर जग-डेल?"

"जगदाळे."

"तुमच्या फॉर्मवर नागरिक म्हणून खूण आहे."

बाबांनी मागे वळून माझ्याकडे बघितलं नाही. एवढं मला अजून दिसतं, की त्यांनी मान सुद्धा हलवली नाही. "साइन माझी आहे, मॅडम," ते म्हणाले.

जजनी त्यांना आणि दोन्ही वकिलांना आपल्या टेबलाच्या कडेला बोलावलं आणि बाकीच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून कोर्टात एक घरघरणारा आवाज सुरू करतात तो सुरू झाला. नळ सोडल्यासारखा. मला बाबांची पाठ दिसत होती, दुमडलेल्या बाह्या दिसत होत्या, आणि ते बोलत नव्हते, फक्त मान हलवत होते. ते काय कबूल करत होते, देव जाणे. मी उठले. कठड्यापाशी शिपाई आडवा आला. "बस खाली, पोरी." मी ओरडले, "तो फॉर्म मी भरलाय!" सगळं कोर्ट वळलं. जजनी चष्म्यावरून बघितलं आणि दोन बोटांनी मला पुढे बोलावलं.

त्यांनी आधी बाबांना विचारलं, "मघाशी तुम्ही उभे राहिलात, ते कोणी सांगितलं म्हणून?"

"नो, मॅडम. तुम्ही विचारलं. मी उभा राहिलो."

मग मला. "वय?"

"सोळा."

"'होय'पुढे खूण का केलीस?"

"ते पास झाले होते म्हणून. आम्ही पेढे वाटले होते."

"पेढे म्हणजे?"

"मिठाई. निकाल लागला की वाटतात." शेजारी बसून सगळं टिपून घेणाऱ्या बाईने हात थांबवून मला स्पेलिंग विचारलं. मी सांगितलं. 

"ही चूक आहे हे तुला कधी कळलं?"

इथे मला "आत्ता" म्हणता आलं असतं. शब्द तोंडात आला होता. बाबा शेजारी उभे होते आणि त्यांच्या घासलेल्या बुटांच्या पॉलिशचा वास येत होता. मी म्हणाले, "गुरुवारी."

"वडिलांना सांगितलंस?"

"नाही."

"मग त्यांना कधी कळलं?"

"आत्ता. तुम्ही फॉर्म वाचलात तेव्हा."

आता बाबांनी माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. कोणीतरी ओळखीचं अनोळखी जागी दिसावं तसे ते बघत होते. जजनी टिपणाऱ्या बाईला विचारलं, "सगळं आलं ना?" ती हो म्हणाली. बाबांकडून नवा फॉर्म भरून घेतला, या वेळी त्यांच्या हाताने. "तुम्ही आलात त्याबद्दल आभार, मिस्टर जगदाळे. तुम्ही जाऊ शकता," जज म्हणाल्या. नाव या वेळी बरंच जवळ आलं होतं. आणि मी वळत असताना, कोणालाच उद्देशून नाही अशा आवाजात, "आजच्या कामकाजाच्या पानांची प्रत मागता येते. कोणालाही."

मला तेव्हा वाटलं, मी बाबांना सर्वांसमोर उघडं पाडलं आणि स्वतःलाही. त्या प्रश्नांचा अर्थ मला लॉ स्कूलच्या दुसऱ्या वर्षी, इमिग्रेशन कायद्याच्या वर्गात, कळला. खोटा दावा माणसाने पकडलं जाण्याआधी आपणहून मागे घेतला का, आणि दावा करताना तो खोटा आहे हे त्याला माहीत होतं का, या दोन गोष्टींवर सगळं अवलंबून होतं. बाईंनी आमची बाजू घेतली नाही, धीराचा एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त हे दोन प्रश्न विचारले आणि उत्तरं अशा ठिकाणी ठेवली जिथून ती कोणाला पुसता येणार नव्हती. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं, माझ्या लाजेच्या आत. मी "आत्ता" म्हणाले असते तर पुढचे प्रश्न आलेच नसते, आणि बाबांना काही माहीत नव्हतं हे उत्तर लिहिलंच गेलं नसतं. मी वर्गातून उठून बाहेर गेले आणि व्हरांड्यात तासभर फेऱ्या मारल्या.

गाडीत बसल्यावर बाबांनी किल्ली फिरवली नाही. ब्लेझर काढला, घडी घालून मागे ठेवला.

"गुरुवारपासून?"

"हो."

"पाच दिवस."

"बाबा, तुम्ही इतके खूश होता..."

"पार्ट चुकतो," ते म्हणाले. "माझाही चुकतो. चुकलेला पार्ट लाल डब्यात टाकायचा असतो. तो चांगल्यांच्या पेटीत घालून, पॅक करून पुढे पाठवला तर पुढे कुठेतरी बॉयलर फुटतो. समजलं?"

"समजलं."

"नाही समजलं. समजेल." आणि त्यांनी गाडी सुरू केली. त्यानंतर जवळजवळ महिनाभर ते माझ्याशी कामापुरतंच बोलत होते. भट्टीची धडधड, काकांच्या सपाता, अलार्म, सगळं होतं तसंच होतं, आणि त्या आवाजांत बाबांचा तेवढा नव्हता. आई म्हणायची, "अहो, लेकरू आहे." ते म्हणायचे, "म्हणूनच."

पाचव्या आठवड्यात पत्र आलं, पण शपथेचं नाही. इमिग्रेशन ऑफिसात पुन्हा हजर राहा, ज्यूरीच्या फॉर्मसंबंधी. मावशी रडली. काका पायऱ्या उतरून पहिल्यांदाच बेसमेंटमध्ये आले, पिठलं खाल्लं आणि म्हणाले, "मी ड्राइव्ह करतो. सुट्टी घेतलीय." आम्ही कोर्टातून मागवलेली पानं बाबांनी इस्त्रीच्या शर्टासारखी फाइलमध्ये ठेवली. ते एकटे आत गेले. मी, आई आणि काका बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. मी उठले, बसले, पाण्याच्या नळापाशी गेले, परत आले. समोरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून भिंतीवरचं प्रत्येक पत्रक वाचलं, दोनदोनदा. आईने मला एकदाही बस म्हटलं नाही. तिने पोळीभाजीचा डबा मांडीवर घट्ट धरला होता आणि तो कोणी उघडला नाही.

चाळीस मिनिटांनी बाबा बाहेर आले. त्यांच्या हातात एक कागद होता आणि तो त्यांनी आईला नाही, मला दिला.

"वाच," ते म्हणाले. "नीट वाच. मग सांग."

मी वाचला. वरपासून खालपर्यंत, छोट्या अक्षरांसकट, मग पुन्हा. शपथेची तारीख होती. मी सांगितलं. काकांनी त्यांना मिठी मारली, आणि बाबांनी माझ्या डोक्यावर टपली मारली, जोरात, लागेल अशी. इतक्या आठवड्यांनंतर त्यांचा हात लागला होता.

बाबांनी शपथ घेतली. दुसऱ्या वर्षी आईने घेतली. मी कॉलेजात गेले, आमच्या घरातली पहिली, आणि पदवी घेतली. मग कायदा शिकले, अकरा वर्षं ज्यांना वकील परवडत नाही अशा आरोपींना सरकार देतं ती वकील म्हणून कोर्टात उभी राहिले, त्यातले काही खटले जिंकले आणि बरेच हरले. राष्ट्राध्यक्षांनी माझं नाव सुचवलं आणि सिनेटने ते मंजूर केलं तेव्हा बाबा हयात होते आणि समोर बसले होते. मी वैशाली जगदाळे, लेथवरच्या टर्नरची मुलगी, अमेरिकेच्या फेडरल ट्रायल कोर्टाची न्यायाधीश आहे. नेमणूक जन्मभराची आहे.